ॲक्टिव्ह स्पीकर घरात आहेत, त्याला सीडी + रेडिओ + स्ट्रीमिंग असा एकच डबा कुठला घ्यावा?

मधली_गल्ली:

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागून ठेवतो.

लॉकडाऊनमध्ये मुलाला रेकॉर्डिंगचं खूळ लागलं तेव्हा त्याच्यासाठी यामाहा एचएस५ या ॲक्टिव्ह (म्हणजे ॲम्प्लिफायर आतच असलेल्या) स्पीकरची जोडी घेतली होती. आता पोरगं नोकरीसाठी बंगळुरूला आणि स्पीकर शोकेसवर, आईने विणलेला रुमाल पांघरून गप्प बसलेत. इकडे बाबांची (वय ७६) जुनी मिनी सिस्टीम मेली, सीडीचा ट्रे उघडतच नाही, दोनदा पट्टा बदलून झाला, आता दुरुस्तीवाला म्हणतो साहेब नवीन घ्या. बाबांकडे साडेतीनशेच्या आसपास सीडी आहेत. फोर्टात ऑफिस होतं, पगार झाला की काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊसमध्ये एक चक्कर ठरलेली, ते २०१६ मध्ये बंद झालं तेव्हा घरी सुतक असल्यासारखं वातावरण होतं. ९० टक्के शास्त्रीय आणि नाट्यसंगीत.

तर हवंय असं की एकच डबा, त्यात सीडी, एफएम (१०२.८ विविध भारती, यावर तडजोड नाही), आणि मला फोनवरून गाणी लावता यावीत. एकच रिमोट. बाबा ॲपला हात लावणार नाहीत हे आत्ताच सांगतो. बजेट चाळीसेक हजार, थोडं वर-खाली.

लॅमिंग्टन रोडला एका दुकानात विचारलं तर तो म्हणाला कुठलीही मिनी सिस्टीम घ्या, तिचे स्पीकर बाजूला ठेवा, वायरीला मी पिना सोल्डर करून देतो, त्या तुमच्या स्पीकरच्या मागे घाला, झालं. ऐकायला सोपं वाटतं म्हणूनच भीती वाटते. हे चालतं का?

---

सोल्डर_बहाद्दर:

थांबा!! त्या पिना सोल्डर करू नका.

एचएस५ मध्ये ॲम्प्लिफायर आतच आहे, वूफरला ४५ वॅटचा आणि ट्वीटरला २५ वॅटचा वेगळा. म्हणजे तुम्हाला बाहेरून ताकद नकोय, नुसता बारीक सिग्नल हवाय, ज्याला लाइन लेव्हल म्हणतात. सीडी प्लेयर जास्तीत जास्त २ व्होल्टच्या आसपास देतो. आणि मिनी सिस्टीमच्या स्पीकर टर्मिनलवर काय येतं? समजा ६० वॅट ६ ओहमला, तर ६० गुणिले ६ बरोबर ३६०, त्याचं वर्गमूळ १९ व्होल्ट. ज्या तोंडाला चमच्याने पाजायचं त्यात बादली ओतणं झालं. तुम्ही म्हणाल आवाज कमी ठेवतो, पण एक दिवस कोणीतरी रिमोटचं बटण दाबून धरणारच ना.

पण खरा धोका व्होल्टचा नाहीच, तो वेगळाच आहे आणि दुकानदारांना बहुतेक वेळा माहीत नसतो. आजकालच्या छोट्या डब्यांत क्लास डी ॲम्प असतात आणि त्यातले बरेच ब्रिज करून जोडलेले असतात, म्हणजे लाल टर्मिनल पण जिवंत आणि काळं पण जिवंत, काळं म्हणजे अर्थ नव्हेच. दोन्हींवर सप्लायच्या निम्मा डीसी उभा असतो, २४ व्होल्टचा सप्लाय असेल तर १२-१२. आता ते काळं तुम्ही पिनेच्या बाहेरच्या कड्याला सोल्डर केलंत, कडं स्पीकरच्या ग्राउंडला टेकलं, की अर्धा ॲम्प शॉर्ट. प्रोटेक्शन चांगलं असेल तर बंद पडून वाचेल, नसेल तर धूर. मी रिपेअरिंग करतो, अशा दोन सिस्टीम माझ्याच टेबलावर येऊन गेल्यात, दोन्हींत आयसीला मधोमध भोक.

तर नियम एकच, डबा विकत घेताना पुढची बाजू बघूच नका, मागच्या बाजूचा फोटो मागा. त्यावर प्री आऊट किंवा लाइन आऊट, म्हणजे लाइन लेव्हल बाहेर देणारं भोक, आहे का? असेल तर पुढे बोलू. नुसता सब आऊट (सबवूफरसाठीचा) असेल तर तो मोजायचा नाही, त्यातून फक्त खालचा धबधबाट येतो, गाणं नाही.

---

तंबोरा:

वरच्यांनी बरोबर सांगितलंय. एक राहिलं, हेडफोनच्या भोकातून पण घेता येतं. हेडफोन आऊट म्हणजे आवाज कमी-जास्त होणारा बारीक सिग्नलच असतो, ऐनवेळचा जुगाड म्हणून चालून जातो. पण केबल नीट घ्या, मी कसा फसलो ते सांगतो.

माझ्याकडे पण असेच स्टुडिओवाले स्पीकर, मागे आरसीएचं (लाल-पांढऱ्या पिनेचं) भोक नाही (तुमच्या एचएस५ ला पण नाही, नुसतं माइकच्या केबलचं तीन पिनांचं एक्सएलआर आणि मोठं जॅक). मी ऑनलाइन एक केबल मागवली, एका बाजूला हेडफोनची छोटी पिन, दुसऱ्या बाजूला मोठी पिन, तीन कड्यांची. म्हटलं आधी एकाच स्पीकरवर टेस्ट करू. किशोरीताईंची सीडी लावली. तानपुरा येतोय, हॉलचा घुमारा येतोय, पण ताई कुठेयत? लांब कुठेतरी विहिरीच्या तळाशी असल्यासारख्या. म्हटलं सीडी खराब. दुसरी लावली, बालगंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रणं, तर बालगंधर्व पूर्ण गायब आणि तबकडीची खरखर मात्र शाबूत! बायको म्हणाली, हे काय लावलंयस, भजी तळतायत का.

दोन दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला. छोट्या पिनेच्या तीन कड्यांत डावा, उजवा आणि ग्राउंड असतो. स्पीकरच्या मोठ्या जॅकमधल्या तीन कड्यांत मात्र बॅलन्स्ड सिग्नल असतो, म्हणजे तो स्पीकर पहिल्या कड्यातून दुसरं वजा करतो. मी त्याला डावा वजा उजवा असं खायला घातलं. गायक बहुतेक मधोमध असतो, दोन्हीकडे सारखा, मग सारख्यातून सारखं गेलं की शून्य. मोनो ध्वनिमुद्रणात तर सगळंच सारखं, त्यामुळे अख्खं गाणंच शून्य आणि दोन बाजूंना वेगवेगळी असते ती खरखर तेवढी उरली.

तेव्हा डब्याला आरसीए आऊट असेल तर आरसीए ते मोठी *मोनो* पिन (दोन कड्यांची), अशा दोन केबल. हेडफोनमधून घ्यायचं असेल तर एक छोटी स्टीरिओ पिन ते दोन मोठ्या मोनो पिना. दुकानात पिनेवरच्या काळ्या रिंगा मोजायच्या, एक रिंग म्हणजे मोनो, दोन म्हणजे घोळ.

---

जुना_पापी:

मला वाटतं तुम्ही उगाच अवघडात शिरताय. स्पीकर मुलाचे आहेत, विकून टाका किंवा त्याला पाठवा. आणि सरळ मरांट्झ एम-सीआर६१२ किंवा डेनॉन सिओल सारखा डबा घ्या आणि साधे पॅसिव्ह (आत ॲम्प नसलेले) बुकशेल्फ स्पीकर जोडा. मरांट्झमध्ये सीडी आहे, एफएम आहे, ब्लूटूथ, एअरप्ले, नेट रेडिओ सगळं आहे, ६ ओहमला ६० वॅट, वर स्पीकरच्या दोन जोड्या लावता येतात, एक हॉलमध्ये एक आत. बाबांना एकच रिमोट हवाय ना? मग हेच. हे डबे बनवलेतच पॅसिव्ह स्पीकरसाठी, त्यांच्यातला ॲम्प तुम्ही पैसे देऊन घेणार आणि तो वापरणारच नाही, याला काय अर्थ आहे.

स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे हे असले स्पीकर, दिवाणखान्यात लावायचे म्हणजे मला तरी पटत नाही, ते टेबलावर तोंडासमोर ठेवून चुका शोधायला असतात, पाय पसरून ऐकायला नाही.

---

सोल्डर_बहाद्दर:

@जुना_पापी, ॲम्पचे पैसे वाया जातात हे एकदम मान्य, पण त्याच न्यायाने ॲम्प नसलेला डबा घ्यावा, स्पीकर कशाला विकायचे? आणि "चुका शोधायला असतात" हे नुसतं ऐकीव. ख्यालाला चांगला मॉनिटर झकास लागतो, तानपुऱ्याच्या जोडीच्या दोन तारासुद्धा वेगळ्या ऐकू येतात. भिंतीला चिकटवले तर मात्र बोंब, एचएस५ चं बासचं भोक मागे आहे, भिंतीमुळे डग्गा फुगतो. मागे रूम कंट्रोलचं बटण आहे, ते उणे २ किंवा उणे ४ वर टाकायचं आणि स्पीकर वीतभर तरी पुढे ओढायचा.

---

जर्सीकर:

मी न्यू जर्सीला असतो, दर डिसेंबरला येताना कोणीतरी असला डबा आणायला सांगतंच म्हणून तीन गोष्टी लिहून ठेवतो.

एक, मागचं व्होल्टेज वाचा. इथले बरेच ॲम्पवाले डबे फक्त १२० व्होल्टचे असतात, जपानचे १०० चे. आपल्याकडच्या २३० मध्ये घातले की पहिल्याच दिवशी श्राद्ध. स्टेप-डाऊन लावता येतो, पण मग तो घुं करणारा ट्रान्सफॉर्मर तुमच्या सिस्टीमपेक्षा मोठा आणि आईने विचारलेले प्रश्न त्याहून मोठे.

दोन, एफएम. इथली स्टेशनं ८८.१, ८८.३ अशी विषम दशांशावर असतात, त्यामुळे इथले काही ट्यूनर ०.२ च्या उड्या मारतात. असा ट्यूनर १०२.७ वर जाईल, १०२.९ वर जाईल, १०२.८ वर थांबणारच नाही. म्हणजे नेमकी बाबांची विविध भारतीच गेली. शिवाय अमेरिकेत डी-एम्फसिस (रेडिओने वरचे सूर किती कापायचे ते ठरवणारं माप) ७५ मायक्रोसेकंद आणि आपल्याकडे ५०, त्यामुळे स्टेशन लागलं तरी आवाज जरा दबलेला येतो. सेटिंग बदलता येणारे असतात, पण विचारून घ्या.

तीन, युरोपातल्या डब्यावर डॅब (डिजिटल) रेडिओ म्हणून मोठं लिहिलेलं असतं, त्याचे जास्तीचे पैसे देऊ नका. आपल्याकडे डॅबचं प्रसारणच नाही. आकाशवाणीने मध्यम लहरींवर जी डिजिटल घेतली ती डीआरएम, ती वेगळी भानगड.

---

लोकल_७_४२:

एवढं कशाला, फोनवरून ब्लूटूथने लावा की राव. सीडी कोण ऐकतं आता

---

मधली_गल्ली:

@लोकल_७_४२ बाबा ऐकतात, प्रश्नातच लिहिलंय. शिवाय एचएस५ ला ब्लूटूथ नाहीच, मागे दोन भोकं आणि एक पॉवरची वायर, बस.

@जुना_पापी तुमचा मुद्दा मी बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली पोराचे स्पीकर विकलेस तर तो दिवाळीला आल्यावर तूच तोंड दे. विषय संपला.

@सोल्डर_बहाद्दर साहेब, मग मला नेमकं काय शोधायचंय? एका डब्याच्या फोटोत मागे "लाइन आऊट" लिहिलेलं दिसलं, तो घेऊ का? सीडीपण आहे त्यात.

---

सोल्डर_बहाद्दर:

घाई नको, लाइन आऊट दोन जातीचे असतात. एक फिक्स्ड, म्हणजे रिमोटवर आवाज शून्य केलात तरी त्यातून पूर्ण २ व्होल्ट धो धो चालूच, तो टेप डेकवर रेकॉर्ड करायला किंवा दुसऱ्या ॲम्पला द्यायला असतो. तुमच्या केसमध्ये मग आवाज कमी करायला प्रत्येक वेळी बाबांनी उठून दोन स्पीकरच्या मागच्या दोन चकत्या फिरवायच्या, त्याही सारख्या. दुसरा व्हेरिएबल, रिमोटबरोबर कमी-जास्त होतो. त्यालाच प्री आऊट म्हणतात आणि तुम्हाला तोच हवा. काही डब्यांत मेन्यूतून बदलता येतं, म्हणून मॅन्युअल उतरवून घ्या आणि त्यात "व्हेरिएबल" हा शब्द शोधा, सापडला नाही तर डबा घेऊ नका, विक्रेता काय म्हणतो ते कानामागे टाका.

आता माझं खरं मत. सीडी + एफएम + स्ट्रीमिंग + व्हेरिएबल आऊट आणि आत ॲम्प नाही, असा एक डबा चाळीस हजारात शोधत बसाल तर केस पांढरे होतील. त्यापेक्षा स्ट्रीमिंग प्रीॲम्प घ्या, म्हणजे नेटवरची गाणी घेऊन, आवाज कमी-जास्त करून नुसती लाइन लेव्हल देणारा डबा. विम अल्ट्रा बघा (२०२४ ला आलाय), पुढे छोटा स्क्रीन, रिमोट, मागे आरसीए आऊट व्हेरिएबल, आणि आत घ्यायला लाइन इन, ऑप्टिकल, टीव्हीचा एचडीएमआय, रेकॉर्ड प्लेयर सुद्धा. पैसे वाचवायचे असतील तर विम प्रो, स्क्रीन नाही, पण लाइन इन आणि ऑप्टिकल इन आहे, फोनच्या ५ व्होल्टच्या चार्जरवर चालतो त्यामुळे जर्सीकरांची व्होल्टेजची कटकट नाही. ब्लूसाउंड नोड पण छान, पण तो बजेटच्या बाहेर जाईल.

आणि सीडीसाठी? माळ्यावर जुना डीव्हीडी प्लेयर आहे का? बहुतेक घरात असतोच. त्यात ऑडिओ सीडी टाकली की टीव्ही न लावताही वाजायला लागते, मागच्या लाल-पांढऱ्या भोकातून विमच्या लाइन इनला. सीडी म्हणजे शेवटी सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट, ते वाचायला डीव्हीडी प्लेयरला काही विशेष करावं लागत नाही.

एफएम मात्र यात नाही, आधीच सांगतो. नेट रेडिओतून आकाशवाणी लागते आणि प्रीसेट करून ठेवता येते. एक फायदा, आकाशवाणीचं "रागम" नेटवर मिळतं, चोवीस तास शास्त्रीय, २६ जानेवारी २०१६ ला सुरू झालंय, तुमच्या बाबांना बहुतेक माहीत नसेल.

---

तंबोरा:

नेट गेलं की रेडिओ गेला हे पण सांगा त्यांना. डोंबिवली-कल्याण पट्ट्यात पावसाळ्यात ब्रॉडबँडची काय अवस्था होते ते मी सांगायला नको.

---

मधली_गल्ली:

तीन आठवड्यांनी रिपोर्ट द्यायला आलोय, मदत घेऊन गायब होणाऱ्यांतला मी नाही.

विम अल्ट्रा घेतला. माळ्यावरून डीव्हीडी प्लेयर काढला, धूळ झटकली, पहिल्याच फटक्यात सीडी वाजली. केबल घ्यायला लॅमिंग्टन रोडलाच गेलो, पिनेवरच्या रिंगा मोजत बसलो तर तोच दुकानदार म्हणाला, तुम्ही लाइनमधलेच दिसता. काही बोललो नाही.

घरी जोडलं आणि घुंऽऽ. गाणं बंद असतानाही स्पीकरमधून बारीक गुणगुण. मी लगेच केबलवर संशय घेतला, मग विमवर, मग स्वतःवर. आमचा शेजारी इलेक्ट्रिशियन म्हणाला स्पीकरच्या प्लगची जाड पिन काढून टाकू, बंद होईल. नको म्हटलं.

---

सोल्डर_बहाद्दर:

फार बरं केलंत नाही म्हणालात. ती अर्थची पिन काढली तर गुणगुण कदाचित जाईल, पण आत काही फॉल्ट झाला तर स्पीकरच्या धातूच्या भागावर २३० व्होल्ट येऊन बसतील आणि पहिला हात पुसायला गेलेल्या आईचा लागेल. हा ग्राउंड लूप आहे, दोन वेगवेगळ्या वाटांनी अर्थ मिळाला की मधून ५० सायकलचा करंट फिरत राहतो. विमला टीव्ही जोडलाय का? आणि टीव्हीला केबलवाल्याची वायर?

---

मधली_गल्ली:

हो! एचडीएमआयने टीव्ही जोडलाय आणि टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सला केबलची वायर.

आत्ता जाऊन ती गोल वायर उपटली. गुणगुण खलास. परत लावली, घुं. परत काढली, शांत. बाबा म्हणाले खेळ झाला असेल तर गाणं लाव.

---

सोल्डर_बहाद्दर:

मग टीव्हीचा आवाज एचडीएमआय काढून ऑप्टिकलने घ्या. ऑप्टिकलमधून उजेड जातो, वीज नाही, लूप तुटला. टीव्ही, विम आणि दोन्ही स्पीकर एकाच स्पाइक गार्डवर घ्या, पिन तीनच्या तीन ठेवून.

---

मधली_गल्ली:

केलं, गेली. आता टीव्हीच्या बातम्या पण एचएस५ मधून येतात, हा तोटाच म्हणायचा.

आता बाकीचं. रिमोटवरच्या एका प्रीसेटला विविध भारती आणि दुसऱ्याला रागम लावून दिलं. बाबांनी रिमोटवरची बाकीची बटणं सेलोटेपचे तुकडे लावून बुजवलीत, आता आवाज वर, आवाज खाली, दोन आकडे आणि इनपुट बदलायचं बटण एवढंच उघडं आहे, त्याच्यावर स्केचपेनने "सीडी" लिहिलंय. ॲपमधून आवाजाची कमाल मर्यादा मी घालून ठेवली.

रागम लागल्यावर पहिल्या दिवशी दुपारी झोपले नाहीत, डायरीत राग लिहीत बसले होते. सकाळचं मात्र जैसे थे. सहाला स्वयंपाकघरात जुना सेलवरचा रेडिओच लागतो, १०२.८ वर काटा चिकटपट्टीने धरून ठेवलेला. विचारलं, अहो आता मोठ्यावर लागतं ना, तर म्हणाले त्याला वाजायच्या आधी विचार करावा लागतो (बरोबर आहे, नेटचं स्टेशन लागायला चार-पाच सेकंद जातात), याला लागत नाही.

शेवटचा प्रश्न. स्पीकरचं स्विच मागे आहे, आम्ही सगळं स्पाइक गार्डवरूनच एकदम चालू-बंद करतो, तेव्हा धप्प असा आवाज येतो. काही बिघडेल का?

---

तंबोरा:

रोज रोज धप्प बरं नाही, वूफरला झटका बसतो. चालू करताना आधी विम आणि सीडीवालं, दहा सेकंद थांबून स्पीकर. बंद करताना उलटं, आधी स्पीकर. प्रत्येक भोकाला वेगळं बटण असलेला स्पाइक गार्ड मिळतो, तो घ्या आणि शेवटच्या दोन बटणांवर बाबांकडूनच सेलोटेपवर "स्पीकर" लिहून घ्या, त्यांची सिस्टीम चांगली आहे.